कंपनीचा पैसा, गावाचं जंगल: भागीदारी बांधायची तर

मार्च सरत आला की पूर्व विदर्भात मोह गळायला लागतो. फुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. झाडाखाली पाचोळ्याचा थर असला तर फिकट पिवळं फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायची जुनी सवय आहे. काळ्या जमिनीवर फूल लख्ख दिसतं. पण वारा सुटला की ती आग झाडापुरती राहत नाही, डोंगर पेटतो. शिवाय फुलं वेचणारी बाई झुंजूमुंजू उजेडात वाकून बसलेली असते. मोह अस्वलालाही आवडतो, आणि वाकून बसलेला माणूस वाघाला माणूस वाटेलच असं नाही.

आता त्याच झाडाखाली चार खुंट्यांना एक जाळी बांधा. फुलं जाळीत पडतात, पाचोळा पेटवावा लागत नाही, तासन्‌तास वाकावं लागत नाही, उजाडल्यावर जाऊन चौघी मिळून जाळी गोळा केली की काम झालं. फुलात माती नसते, त्यामुळे भावही बरा मिळतो. जंगल, वन्यप्राणी आणि चूल, तिन्हींना एका वस्तूत सांभाळणारं याहून साधं उदाहरण मला माहीत नाही. आणि ही गोष्ट गावातल्या बायकांसोबत बसल्याशिवाय कोणत्याही कंपनीच्या प्रस्तावात येत नाही.

हा लेख तीन जणांसाठी आहे: कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागात बसणारे, ग्रामसभेचं कामकाज सांभाळणारे आणि या दोघांच्या मध्ये उभी असलेली संस्था. उदाहरणं चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भागातली आहेत, कारण महाराष्ट्रातलं दाट जंगल, वाघ आणि ग्रामसभांचा अनुभव इथे एकत्र आहे.

आधी बघा, जंगल कुणाच्या हक्काचं आहे

नकाशा उघडायच्या आधी हा प्रश्न. एकाच गावाच्या शिवारात चार प्रकारचं जंगल असू शकतं. काही भागावर वनहक्क कायदा २००६ नुसार ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेला असतो. काही भाग वनविभाग आणि गाव मिळून चालवतात त्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे असतो. गाव ताडोबा किंवा नवेगाव-नागझिऱ्यासारख्या व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, असेल तर तिथले नियम वेगळे. आणि गावालगतचं झुडपी जंगल ही ‘मोकळी जमीन’ समजून कामाला लागू नका. पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल हे वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं आहे.

सामूहिक वनहक्काचं पत्र असेल तर गोष्ट सोपी होते आणि जबाबदारी वाढते. त्या क्षेत्राचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा कायदेशीर अधिकार आहे, बांबू, तेंदू, मोह, मध यांवर तिची मालकी आहे. म्हणजे कंपनीची भागीदार ग्रामसभा. सरपंच नाही, गावातला कंत्राटदार नाही, ओळखीचा पुढारी तर नाहीच. हक्काचा दावा अजून प्रलंबित असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षाचं काम दाव्याला मदत करणं हेच असावं: सीमांकन, जीपीएसने मोजणी, जुने निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची नोंद) शोधणं, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेणं. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. पण हक्काशिवाय लावलेलं झाड कुणाचं, हा प्रश्न पाच वर्षांनी उभा राहतोच.

हक्क मिळाला की काय होतं हे बघायला गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो, आणि अवघड विषय आधी अभ्यासगटात चर्चेला जातो. तुमच्या प्रस्तावालाही असाच वेळ लागेल हे गृहीत धरा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं, कारण चांगल्या पानासाठी झाडं छाटावी लागतात आणि जंगलाला आग लावली जाते. रोख पैसा देणारा हंगाम गावाने स्वतःहून सोडला आणि बांबूवर भर दिला. अशा गावाला ‘पर्यावरण जागृती कार्यक्रम’ शिकवायला जाणाऱ्या माणसाने आधी दोन दिवस तिथे नुसतं बसून ऐकावं.

कंपनीच्या बाजूचा कायदा

हा भाग थोडक्यात, पण ग्रामसभेनेही वाचावा, कारण समोरचा माणूस कशाने बांधलेला आहे हे कळलं तर बोलणी नीट होतात.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, आधीच्या आर्थिक वर्षात निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक जरी गाठलेलं असेल तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. परिशिष्ट ७ मध्ये पर्यावरण, वनस्पती आणि प्राण्यांचं रक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून हे पैसे म्हणजे गावावर उपकार नाहीत.

तीन गोष्टी या पैशातून करता येत नाहीत असं समजून चाला. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम. आणि दुसऱ्या कोणत्याही कायद्याने बंधनकारक असलेलं काम. खाणीसाठी जंगल तोडलं म्हणून करावी लागणारी भरपाईची लागवड ही सीएसआर नव्हे. कागदावर दोन्ही एकाच ओळीत दिसली की ग्रामसभेने विचारलंच पाहिजे.

आणि एक गोष्ट मी कळवळून सांगतो. ज्या कंपनीला त्या गावाकडून जमिनीसाठी किंवा प्रकल्पासाठी संमतीचा ठराव हवा आहे, तिने त्याच काळात जंगल संवर्धनाचा पैसा घेऊन येऊ नये. हेतू कितीही स्वच्छ असला तरी गावात तो पैसा संमतीची किंमत म्हणूनच वाचला जातो. दोन विषय एका बैठकीत आले की जंगलाचं काम तिथेच संपतं, गावात दोन गट पडतात, आणि ते गट पुढे लग्नकार्यातही एकमेकांकडे जेवत नाहीत.

पहिले तीन महिने खर्च करू नका

मी एका कंपनीच्या वृक्षलागवडीत होतो. नाव महत्त्वाचं नाही. जुलैत साग, करंज, कडुनिंबाची रोपं लावली, खड्डे एका रेषेत, ट्री गार्ड, सगळं नीट. ती जागा गावाच्या गुरांचं कुरण होती. आम्ही कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते सरपंचाला, आणि त्यांच्याकडे गुरं नव्हती. धान कापणी झाल्यावर गुराख्याने नेहमीसारखी गुरं सोडली. त्याची काहीच चूक नव्हती. मार्चपर्यंत ट्री गार्ड उरले. मी त्या गुराख्याशी पहिल्यांदा बोललो ते त्यानंतर, आणि त्याने दहा मिनिटांत दाखवलं की नाल्याच्या पलीकडे तेंदू, धावडा, पळसाचे मुळवे (मुळांतून येणारे कोंब) आपोआप फुटताहेत, तेवढा भाग तीन पावसाळे राखला तर लावायची गरजच नाही.

म्हणून शिवारफेरी. गावातल्या माणसांबरोबर पायी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. ‘तुम्हाला काय पाहिजे?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर समाजमंदिर, सिमेंटचा रस्ता किंवा बोअरवेल असंच येतं, आणि ते स्वाभाविक आहे. त्याऐवजी विचारा: वर्षभरात जंगलात कोण, कधी, कशासाठी जातं? सरपण कुठून आणता, पूर्वी कुठून आणायचे? आग बहुधा कुठून सुरू होते? जनावर कुठे मारलं गेलं, तेव्हा ते काय करत होतं? कोणत्या महिन्यात कोणत्या बोडीचं (छोट्या तळ्याचं) पाणी आटतं?

उत्तरं वेगवेगळ्या लोकांकडून वेगवेगळी येतात. बायकांची बैठक वेगळी घ्या आणि ती संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नका. मासे धरणाऱ्या ढिवरांकडे तलावाची माहिती असते, गुराख्याकडे गवताची, वैदूकडे झाडपाल्याची. टोला, म्हणजे गावाची वेगळी वस्ती, गावापासून दोन किलोमीटरवर असेल तर टोल्यावर जा, तिथल्या लोकांना चावडीवर बोलावू नका. गोंडी किंवा माडिया बोलणारं गाव असेल तर ती भाषा येणारा माणूस गावातलाच घ्या. या सगळ्यातून महिनावार एक तक्ता तयार होतो, आणि पुढचं अंदाजपत्रक त्यावरच बसतं. गावाची लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद) असेल तर ती मागून घ्या. नुसती भरण्यापुरती भरलेली असेल तर नव्याने करायला मदत करा.

ठराव आणि करार

वनहक्काच्या विषयावरच्या ग्रामसभेला निम्म्या सभासदांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. हा नियम कटकट समजू नका, तो तुमचं रक्षण करतो. पंचवीस सह्यांवर घेतलेला ठराव पहिल्या वादातच कोसळतो. इतिवृत्त तिथल्या तिथे लिहून, वाचून दाखवून सह्या घ्या. कोरं पान सोडून ‘नंतर भरू’ म्हणणाऱ्याला थांबवा.

आता पैशाची वाट. कंपनी स्वतः काम करू शकते, किंवा सीएसआरचं काम करण्यासाठी लागणारी सीएसआर-१ नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करते. ग्रामसभेकडे ही नोंदणी सहसा नसते, म्हणून मध्ये संस्था येते. इथे एक जुना धोका आहे: दोन वर्षांत संस्था मालक होते आणि ग्रामसभा लाभार्थी. ते टाळायचं तर करार तिघांचा करा, आणि मराठीत करा. त्यात लिहा की कामांची यादी ग्रामसभा ठरवेल, प्रत्येक खरेदी ग्रामसभेच्या वनव्यवस्थापन समितीच्या मंजुरीने होईल, बिलांची प्रत गावात राहील, दर तीन महिन्यांनी हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा स्वतःचं बँक खातं आणि पॅन क्रमांक ठेवून तेंदू आणि बांबूचे मोठे व्यवहार करतात, तेव्हा ‘गावाला हिशेब जमणार नाही’ हे कारण चालवून घेऊ नका.

तयार होणारी मालमत्ता कुणाच्या नावावर, हेही आत्ताच ठरवा. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ती कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. नोंदणीकृत संस्था, लाभार्थ्यांचा गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडे ती असावी लागते. ब्लोअर (पाचोळा उडवायचं यंत्र), सोलर पंप, गोदाम, मोह वाळवायचे ओटे यांची यादी जोडून ‘मालकी ग्रामसभेच्या गटाची’ असं एक वाक्य टाका.

वनविभागाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. वनक्षेत्रपालांना सगळ्यात शेवटी पत्र देण्याची पद्धत वाईट आहे. आगीच्या रात्री धावून येणारा वनरक्षकच असतो.

काम कशावर करायचं

*वणवा.* १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) त्याआधी साफ व्हायला हव्यात, म्हणजे मजुरीचे पैसे जानेवारीत हातात हवेत. गावातल्या आठ-दहा तरुणांचं दल, त्यांना ब्लोअर, बूट, पाण्याच्या बाटल्या, विजेऱ्या आणि हंगामभराची मजुरी. विमा उतरवायला विसरू नका. मोहाच्या जाळ्या याच खात्यात येतात. जाळ्या किती लागतील हे झाडं मोजून नका ठरवू, कोणत्या घराचं कोणतं झाड हे गावाला पाठ असतं, त्यांना विचारा.

*पाणी.* जंगलात सिमेंटचे पाणवठे बांधणं कंपन्यांना आवडतं, कारण ते लवकर होतं आणि दिसतं. जागा चुकली तर तोच पाणवठा वाघ-बिबट्याला गावाजवळ आणतो. मला त्यापेक्षा माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, कितीतरी मोलाचे वाटतात. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत, कोहळी समाजाने आणि गोंड राजवटीने ते उभे केले. पण त्यात थेट जेसीबी घालून खरवडू नका. तलावाच्या काठाची जिवंत माती, देवधान, कमळ, पाणवनस्पती यांतच देशी मासे अंडी घालतात आणि पाणपक्षी पोट भरतात. ढिवरांना विचारलं तर ते सांगतात: आधी बेशरम नावाचं झुडूप मुळासकट काढा, गाळ काढायचाच तर एका बाजूने काढा, मग पाणवनस्पती लावा. गोंदियात सारस पक्षी याच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने राहिला आहे, आणि त्याची घरटी शेतकऱ्यांच्या सहकार्यानेच राखली जातात.

*घाणेरी आणि रानतुळस.* ही झुडपं वाढली की गवत जातं, गवत गेलं की चितळ-सांबर शेताकडे वळतात, त्यांच्या मागे वाघ. घाणेरी वरून तोडली की दुप्पट फुटते. ती फळं धरायच्या आत, जमिनीखाली मुळाच्या सुरुवातीला कापून, झुडूप उलटं टाकून ठेवायची असते. मग तिथे मारवेल, पवन्यासारख्या देशी गवताचं बी. आणि सलग तीन वर्षं पुन्हा पुन्हा उगवलेली रोपं उपटायची. एका वर्षाचं अंदाजपत्रक असेल तर या कामाला हातच लावू नका.

*संघर्ष.* शेताला विजेचा जिवंत प्रवाह सोडल्याने वाघही मेले आहेत आणि माणसंही. सौर कुंपण हा पर्याय आहे, पण झटका मंद आणि यंत्र चालू असेल तरच. बॅटरी बदलायला कोण जाणार, गवत तारेला टेकलं तर कोण कापणार, हे ठरलं नसेल तर दुसऱ्या पावसाळ्यात ते नुसती तार होतं. भक्कम गोठा, घरामागे दिवा, संडासला दार आणि पाणी, गॅसची दुसरी टाकी भरायला मदत: ही कामं अहवालात साधी दिसतात, पण पहाटेच्या अंधारात झुडपांत जाणं ती कमी करतात. वन्यप्राणी गावात आला की आधी पोचणाऱ्या, गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाला प्रशिक्षण द्या. गाय मारली गेली तर पंचनामा आणि नुकसानभरपाईचा अर्ज वेळेत भरून देणारा एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी प्रत्येक गावात असली पाहिजे. भरपाई लवकर मिळाली तर कलेवरावर विष टाकायचा विचार मागे पडतो.

*रोजगार.* जंगलाशी नातं तुटणार नाही असा. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने उजाड जमीन राखली, सीताफळं विकली आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. कंपनी इथे पैशाहून मोठी मदत करू शकते: वजनकाटा, प्रतवारी, पॅकिंग, खरेदीदाराशी ओळख, थोडी आगाऊ उचल. स्वतःच्या कँटीनसाठी आणि दिवाळीच्या भेटींसाठी गावाचा मध, मोहाचे लाडू घेतले तर तीही बाजारपेठच आहे.

मार्चअखेर आणि मृग

कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. जंगलाचं काम मृगाला सुरू होतं. याच फटीत सगळ्यात जास्त पैसा वाया जातो: फेब्रुवारीत मंजुरी, मार्चमध्ये घाईने खरेदी, ऐन उन्हात खड्डे.

उपाय कायद्यातच आहे. संचालक मंडळाने हे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करावं. मग सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं ते चालवता येतं, आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते. ग्रामसभेने बोलणी करताना हा शब्द मुद्दाम वापरावा. हप्ते हंगामाप्रमाणे मागावेत: जानेवारीत आगीसाठी, मे महिन्यात बी आणि पावसाळी कामांसाठी, ऑक्टोबरमध्ये घाणेरीच्या दुसऱ्या फेरीसाठी आणि कुंपणाच्या दुरुस्तीसाठी.

मोजायचं काय

रोपांची संख्या नको. किती हेक्टर जळलं, आग किती तासांत विझली, कोणत्या बोडीत कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकलं, किती जनावरं मारली गेली आणि भरपाई किती दिवसांत मिळाली, मोहाला किलोमागे काय भाव मिळाला. गवतासाठी एक मीटरचा चौरस काठ्यांनी आखून त्यातल्या जाती मोजायला दहावीतल्या मुली दोन दिवसांत शिकतात, आणि जातींची नावं त्यांच्या आज्या सांगतात. कॅमेरा ट्रॅप लावायचे तर वनविभागाच्या परवानगीनेच. वाघाचा फोटो मिळाला तरी जागेचं नाव कंपनीच्या पानावर टाकू नका, शिकारीही ते पान वाचतो.

निघायची तयारी

करारातच लिहा की कंपनी चौथ्या वर्षी बाहेर पडेल आणि तोपर्यंत कोणतं काम कुणाच्या पैशाने चालेल. बांबू आणि मोहाच्या विक्रीतून ठरावीक वाटा ग्रामसभेच्या जंगल खात्यात जाईल असा ठराव पहिल्याच वर्षी व्हावा, रक्कम लहान असली तरी.

जाळ्यांसाठी एक वही करा. हंगाम संपला की जाळी धुऊन, सावलीत वाळवून, गुंडाळून आढ्याला टांगायची, उंदरं कुरतडतात. कुणाकडे किती, फाटली कधी, नवी कशातून आणली, हे बचत गटातल्या बाईने लिहायचं. पहिल्या दोन वर्षी ‘नवी कशातून’ या रकान्यात कंपनीचं नाव येईल. ज्या हंगामात तिथे ग्रामसभेच्या खात्याचा धनादेश क्रमांक आला, त्या हंगामानंतर शेवटची बैठक ठेवा, वही वाचून घ्या, आणि गोदामाच्या किल्ल्या समितीकडे द्या.